चार सुवर्णपदकं आणि एक शिलाई मशीन

फर्स्ट इयरला हॉस्टेलवरची पहिली रात्र. मेसचं जेवण झालं आणि सीनियर मुलींनी आम्हाला ओळीत उभं करून 'इंट्रो' घेतला. नाव, गाव, बारावीचे मार्क्स, आवडता हिरो... आणि मग, "पप्पा काय करतात?" माझ्या आधीच्या मुलीचे पप्पा बँकेत, तिच्या आधीचीचे डॉक्टर. माझी पाळी आली तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "ऑटोमोबाईल इंटिरिअर्सचा बिझनेस आहे, सोलापूरला."

तसं बघितलं तर हे खोटं नाही. माझ्या पप्पांचं रिक्षाची हुडं आणि सीटा शिवायचं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा, दोन मशिनं, भिंतीवर खिळ्याला टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे आणि सगळीकडे रेक्झिनचा वास. अख्खा एरिया त्यांना 'कुशनवाले' म्हणतो. पण ज्या पप्पांनी त्याच मशीनवर टिपा मारून माझी कॉन्व्हेंटची फी भरली, त्यांचं हे नाव मला त्या रात्री सांगवेना. आणि पुढची अडीच वर्षं मी तेच इंग्लिश वाक्य वापरत राहिले.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. पण त्याआधी तुम्हाला तीन परदेशी माणसांना भेटावं लागेल. थोडा धीर धरा. (आणि माझ्या मराठीबद्दल आधीच माफी. दहावीपर्यंत मराठी हा माझा फक्त मार्कांपुरता विषय होता.)

झालं असं की टी.ई.च्या सेमिनारला विषय हवा होता. सगळे चांगले विषय सीनियर्सच्या सी.डी.तून आधीच उचलले गेले होते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लेक्चरला सर एकदा बोलता बोलता म्हणाले होते की विमानाचा पंख आणि बोटीचं शीड हे दोन्ही एकच प्रकरण आहे. म्हटलं, हाच विषय घेऊया, कोणी कॉपी केलेला नसणार! 'शीड' हा शब्दसुद्धा मी त्या दिवशीच शिकले. तोपर्यंत मी 'सेल' म्हणत होते आणि रूममेटला वाटत होतं मी लक्ष्मी रोडच्या सेलबद्दल बोलतेय.

आपल्याकडे म्हण आहे, वारा पाहून पाठ फिरवावी. शिडाची बोट याच्या बरोबर उलटं करते. ती वाऱ्याकडे तोंड करून पुढे जाऊ शकते. अगदी नाकासमोर नाही, पण वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, नागमोडी. कसं? शीड पोट काढून उभं असतं. त्या पोटावरून वारा वळतो, बाहेरच्या फुगीर बाजूला दाब कमी होतो, आतल्या बाजूला जास्त राहतो, आणि शिडाला एक जोर मिळतो. तो बराचसा आडवा असतो, थोडासा पुढे. आडवं सरकणं बोटीखालचं पातं अडवतं. उरतं ते पुढे जाणं. सगळा खेळ त्या पोटाचा. पोट जास्त झालं की वारा शिडाला धरून राहत नाही, सुटतो. कमी झालं की जोर मिळत नाही.

इथपर्यंत पुस्तकात होतं. मला अडलं ते पुढे. कापड तर सपाट असतं. सपाट कापडाला हे पोट येतं कुठून? आणि तेही हवं तितकंच, हवं तिथेच? पुस्तकात आकृती तयार पोटाची होती. ते आणायचं कसं, याबद्दल एक ओळ नाही.

त्या रात्री घरी फोन झाला तेव्हा सहज पप्पांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "छत्री उघडून बघ की." छत्रीची प्रत्येक कळी त्रिकोणी असते, पण तिच्या बाजू सरळ नसतात, किंचित बाहेर गोल कापलेल्या असतात. दोन गोल कडा एकमेकींना जोडून टीप मारली की कापडाला सपाट राहायला जागाच उरत नाही, ते फुगतं. "हूडला पण तसंच. कडा सरळ कापून शिवलं तर हूड पत्र्यासारखं पडतं आणि कोपऱ्यात चुण्या येतात. किती गोल ठेवायचं ते हाताला कळतं."

दुसऱ्या दिवशी शोधलं तर काय! शिडं बनवणारे अगदी हेच करतात. कापडाचे पट्टे, त्यांच्या कडांना थोडा गोल, मग शिवण. शिवाय शिडाची पुढची कड डोलकाठीला लागते, ती सरळ न कापता बाहेर गोल कापायची. सरळ डोलकाठीवर ती ताणून बसवली की जास्तीचं कापड आत सरकतं आणि पोट होतं. माझे इंजिनिअरिंगचे पाच सेमिस्टर झाले होते, आणि पप्पांनी दीड मिनिटात फोनवर सांगितलं!

मग मी शिडापेक्षा शिडं शिवणाऱ्यांच्या मागे लागले. आणि मला पॉल एल्व्हस्ट्रॉम सापडला.

हा डेन्मार्कचा. १९२८ सालचा जन्म. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यती टॉर्के इथे झाल्या, तेव्हा तो २० वर्षांचा होता. म्हणजे आत्ता माझं आहे तेच वय. पहिल्याच शर्यतीत त्याने मध्येच माघार घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिलाच पेपर कोरा! या खेळात मात्र एका शर्यतीवर निकाल लागत नाही, अनेक शर्यतींचे गुण धरतात. शेवटच्या शर्यती मारून पठ्ठ्याने सुवर्णपदक नेलं. मग १९५२ हेलसिंकी, १९५६ मेलबर्न, १९६० रोम. लागोपाठ चार ऑलिंपिक, चार सुवर्णपदकं, आणि सगळी एकट्याने चालवायच्या बोटीत. वाऱ्यात बोट कलंडू नये म्हणून शरीर बाहेर झोकून तासन्‌तास लटकावं लागतं. त्याची सवय व्हावी म्हणून त्याने घरात लाकडी बाक बनवला होता आणि त्याला पाय अडकवून तो जमिनीवर सराव करायचा.

पण मला अडकवलं ते १९५४ सालाने. त्या वर्षी, दोन सुवर्णपदकं खिशात असताना, हा माणूस घराच्या तळघरात शिडं शिवायला बसला. खेळ संपल्यावर पोटापाण्यासाठी नव्हे. उरलेली दोन सुवर्णपदकं त्याने शिडं शिवणारा झाल्यानंतर जिंकली. बोटीत बसायचं, शीड कुठे चुकतंय ते अंगाला जाणवायचं, घरी येऊन ते उसवायचं, परत शिवायचं, परत पाण्यात. बोटीत शिरलेलं पाणी चालत्या बोटीच्या ओढीनेच बाहेर खेचून घेणारं एक छोटंसं यंत्रही त्याच्याच नावाने जगभर बसवलं जातं. ज्याला भिजून बसावं लागतं त्यालाच असलं काही सुचतं.

दुसरा हान्स फॉग. हाही डॅनिश, आणि एल्व्हस्ट्रॉमच्याच कारखान्यात शिडं शिवायला शिकला. १९६० साली त्याला ऑलिंपिक रौप्यपदक मिळालं. १९६९ला तो कॅनडात गेला, आणि ब्रूस कर्बी नावाच्या डिझायनरने एका साध्या, स्वस्त, एकट्याने चालवायच्या बोटीचं चित्र काढलं. शीड शिवायचं काम फॉगकडे. १९७० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये नव्या बोटींची एक स्पर्धा झाली, तिथे फॉगने ती बोट स्वतः चालवली. पहिल्या दिवशी दुसरा आला. मग शीड पुन्हा कापून सुधारलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला! आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जे करतो तेच, फक्त त्याला काय सुधारायचं हे नक्की माहीत होतं. ती बोट पुढे 'लेझर' म्हणून जगभर गेली, दोन लाखांहून जास्त बनल्या, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आपला विष्णू सरवणन २०२४ला पॅरिसमध्ये १८वा आला तो याच बोटीच्या वर्गात, आणि नेत्रा कुमानन याच बोटीच्या लहान शिडाच्या वर्गात टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे उतरली. फॉगने स्वतः १९८४ला, वयाच्या ४६व्या वर्षी, कॅनडासाठी कांस्यपदक मिळवलं. तोवर कितीतरी वर्षं तो शिडं शिवत होता.

तिसरा लॉवेल नॉर्थ. अमेरिकन, आणि शिक्षणाने आपल्यातलाच, इंजिनिअर. १९५७ साली त्याने सॅन दिएगोला 'नॉर्थ सेल्स' सुरू केली. १९६४ टोकियोला कांस्य, १९६८ मेक्सिकोला सुवर्ण. त्याचं वेगळेपण असं की 'हाताला कळतं' यावर तो थांबला नाही. कापड किती ताणतं ते मोजायचं. दोन सारख्या बोटी शेजारी-शेजारी पळवायच्या, एकीचं शीड बदलायचं आणि फरक बघायचा. पुढे शिडांच्या डिझाईनमध्ये काँप्युटर आणणाऱ्यांत त्याची कंपनी पहिल्यांपैकी. जे कळलं ते लिहून ठेवलं, म्हणून ते दुसऱ्याला करता आलं. १९८४ साली त्याने कंपनी विकली. ती आजही चालू आहे, आणि जगातल्या सर्वात मोठ्या शीड कंपन्यांत तिचं नाव घेतात.

सगळं गोड गोड सांगत नाही. १९७७ साली अमेरिका कपच्या निवड शर्यतींत याच नॉर्थकडून 'एंटरप्राईझ' बोटीचं सुकाणू काढून घेतलं गेलं आणि टेड टर्नरची 'करेजस' निवडली गेली. म्हणजे जगातलं उत्तम शीड शिवता आलं म्हणून प्रत्येक शर्यत जिंकता येते असं नाही. पण मला त्याचं हरणंही आवडलं. शिंप्याने स्वतः शिवलेला कोट घालून स्वतःच स्टेजवर जायचं, आणि उसवला तर सगळ्यांसमोर. किती जण हे करतात?

आता वळूया आपल्याकडे. जुन्या सांगवीतून नदीपलीकडे बघितलं की दापोडी. तिथे सी.एम.ई., म्हणजे लष्कराचं मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज. आपल्या बाजूच्या नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी चादर असते, तिच्यावर बोट काय, कागदाची होडी पण चालणार नाही. पण पलीकडे सी.एम.ई.मध्ये लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथेच घडला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १३वा, आणि २०१८च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्ण. शिडाच्या बोटींतही आपण अगदीच कोरे नाही. १९८२च्या एशियाडमध्ये या शर्यती मुंबईला झाल्या तेव्हा फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्ण मिळवलं, आणि तारापोर पुढे १९८४, १९८८, १९९२ अशा तीन ऑलिंपिकला गेले.

पण पदक मिळालेल्या खेळाडूला पुढे काय, असं विचारलं की आपली डोकी एका जागी थांबतात. नोकरी! पोलीस, रेल्वे, बँक, लष्कर. नोकरीला मी नावं ठेवत नाही, ती मिळालीच पाहिजे. पण बोटीत, मॅटवर, मैदानात वीस वर्षं घालवून जे त्याच्या अंगाला कळलंय ते कुठे जातं? त्याने बोट बनवावी, बूट बनवावा, रॅकेट बनवावी असं कोणी त्याला सुचवतं का? आणि सुचवलं तर घरचे काय म्हणतील? "मेडल मिळवून शेवटी शिंपीच झालास?"

याला एक सुंदर अपवाद मला गोव्यात सापडला. कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट परदेशातून आणलेली नव्हती. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ती बांधली, आणि बांधताना दोंदे स्वतः तिथे होते. ज्याला त्या बोटीत एकट्याने समुद्रात जायचंय तो आणि जो ती बांधतोय तो एकाच छपराखाली. २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जगाची फेरी करून आल्या, ती बोटही दांडेकरांच्याच यार्डातली.

हे सगळं मी मेसमध्ये जोशात सांगत होते तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "ही मोठ्या लोकांची, श्रीमंत देशांची उदाहरणं आहेत गं. ते शिवतात त्याला क्राफ्ट म्हणतात, आपल्याकडे शिवतात त्याला मजुरी."

तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पप्पांची कंबर दुखते. संध्याकाळनंतर सुईत दोरा ओवायला त्यांना मम्मी लागते. हूडच्या मजुरीसाठी रिक्षावाला आणि पप्पा दोघेही अर्धा तास घासाघीस करतात, कारण दोघांचंही हातावर पोट. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं ते मी कधी त्या मशीनवर बसू नये म्हणूनच. तेव्हा "कारागिरी महान आहे" असं म्हणून टाळ्या घेणं मला पटत नाही. टाळ्यांनी कंबर बरी होत नाही.

पण मग मला विचारायचंय, एल्व्हस्ट्रॉमच्या तळघरात आणि पप्पांच्या दुकानात फरक कुठे पडला? दोघांच्या हाताला कळतंच. माझ्या मते फरक पडला तो तिथे आलेल्या माणसांमुळे. तिकडे चॅम्पियन स्वतः मशीनवर बसला, नॉर्थसारखा इंजिनिअर मोजपट्टी घेऊन आला. आपल्याकडे शिकलेला माणूस त्या दुकानापासून लांब जातो, आणि जितका लांब जातो तितका तो यशस्वी समजला जातो. म्हणून पप्पांचं ज्ञान खिळ्यावरच्या पुठ्ठ्यांपलीकडे गेलं नाही. आणि सगळ्यात लांब कोण गेलं? मीच!

म्हणून या दिवाळीत मी ते पुठ्ठ्याचे फर्मे खाली काढले, एकेक मापलं आणि कॅडमध्ये काढलं. पप्पा आधी वैतागले, "धूळ उडवू नको." मी ऐटीत प्रिंट काढून त्यावरून रेक्झिन कापलं. अर्धा इंच कमी पडलं. शिलाईची मार्जिन धरायचीच विसरले होते. दुसऱ्यांदा मार्जिन धरली, तर कोपऱ्यात चुण्या. पप्पांनी तुकडा हातात घेऊन एका बाजूने ओढला, मग दुसऱ्या बाजूने, मग तिरका. "हे इकडून जास्त ताणतं. तू उलटं ठेवून कापलंस." शिवणकामात तिरक्याला उरेब म्हणतात, उरेब ताण. शिडाच्या विणलेल्या कापडाचंही तेच दुखणं आहे, तिरकं ओढलं की जास्त ताणतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये मला ६२ मार्क आहेत, आणि रेक्झिन कोणत्या बाजूने ताणतं हे मला बघताही आलं नाही. तिसऱ्यांदा हूड बरोबर बसलं. पप्पा काही बोलले नाहीत. फक्त ती प्रिंट घडी करून गल्ल्यात ठेवली.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल. आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फाईल घासलीय, आणि किती जणांचा 'जॉब' सीनियरकडून आला होता हे तुम्हालाही माहीत आहे, वर्कशॉपच्या सरांनाही. आपल्या बाहा टीमच्या गाडीच्या पोस्टरवर इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक, प्रत्येकाखाली मुलांची नावं आहेत. सीटखाली फक्त 'आऊटसोर्स्ड' लिहिलंय. कोणीतरी ती सीट कापली, शिवली, ड्रायव्हरच्या पाठीला लागू नये म्हणून फोम कमी-जास्त केला. त्याचं नाव विचारायला आपल्याला वेळ नव्हता. ते पोस्टर मीही पाहिलं होतं, मीही विचारलं नाही.

भोसरी, चिंचवड, चाकण, एवढा मोठा कारखान्यांचा पट्टा आपल्या उंबऱ्यावर आहे. आपण तिथे इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो ते प्रामुख्याने ग्रुप फोटोसाठी. माझी सूचना साधी आहे. टी.ई.च्या सेमिनारसाठी प्रत्येकाने निदान एका अशा माणसाला भेटावं ज्याला आपला विषय हाताने येतो, मग तो वेल्डर असो, पॅटर्नमेकर असो की कुशनवाला, आणि रिपोर्टमध्ये त्याचं नाव गाईडच्या नावाखाली छापावं. वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरांना बी.ई. प्रोजेक्टचे को-गाईड करावं. आणि हॉस्टेलमधल्या खेळणाऱ्या मुलामुलींनी आपलं साहित्य एकदा तरी स्वतः दुरुस्त करून बघावं. बॅटची ग्रिप बदलणं हे एल्व्हस्ट्रॉमच्या तळघराची पहिली पायरी समजायला हरकत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मी मुद्दाम मागे ठेवली होती. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, एल्व्हस्ट्रॉम पुन्हा उतरला. या वेळी दोघांच्या बोटीत, आणि सोबत त्याची मुलगी त्रीने. दोघं चौथे आले. पदक नाही मिळालं. १९८८ला पुन्हा दोघं उतरले, १५वे आले. सेमिनारच्या पी.पी.टी.त मला हे घालता आलं नाही, कारण त्यात फ्लुइड मेकॅनिक्स काहीच नव्हतं. पण मी त्या दोघांचा एकत्र फोटो बराच वेळ बघत बसले होते.

सेमिनारच्या शेवटच्या स्लाईडवर मी आभारात पप्पांचं नाव टाकलं, आणि पुढे मराठीत 'कुशनवाले, सोलापूर' असं लिहिलं. एक्स्टर्नलनी विचारलं, "हे कोण?" मी सांगितलं, "सर, माझे पप्पा. रिक्षाची हुडं शिवतात. शिडाला पोट कसं आणायचं ते त्यांनी शिकवलं." ते म्हणाले, "मग तो भाग पुन्हा एकदा समजावा." पुढची दहा मिनिटं फक्त त्यावरच प्रश्न!

रात्री रूमवर आल्यावर रूममेटने पहिला प्रश्न विचारला, "अडीच वर्षं सांगितलं का नाहीस? माझ्या ट्रॅव्हल बॅगची चेन कधीची तुटलीय!" बॅग पुढच्या सुट्टीत सोलापूरला जातेय. तुमचं काही शिवायचं असेल तर सांगा, आणि मी जे लिहिलंय ते पटतंय का तेही बघा.